वरकुट्यातले कोरे दंड

"पुसलंत ना? सगळ्यांनी पुसलंत!" मी वरकुटे गावच्या पारावर उभा राहून ओरडत होतो. समोर बारा पोरं, आणि एकाच्याही दंडावर फोड नाही.

इंदापूर तालुक्यात देवीची लस टोचायचं काम माझ्याकडे होतं. लोक मला देवी डॉक्टर म्हणायचे. दंडावर लसीचा थेंब ठेवून ओरखडे काढायचे. आठव्या दिवशी तिथं फोड आला तर लस लागली, नाहीतर सगळं फुकट. पुष्कळ बाया माझी पाठ वळताच राखेनं दंड पुसायच्या, देवीचा कोप नको म्हणून. त्यामुळं माझा राग तयारच होता.

त्यात जिवाला घोर. सोनाबाईंच्या शेजारी पाहुणी आलेल्या मुलीला कालच देवी आल्या होत्या. सोनाबाईंचा नऊ महिन्यांचा नातू, नामा, तिच्याच मांडीवर खेळलेला.

सोनाबाईंनी नामाला माझ्यापुढं धरलं. "ह्ये बघा डाक्तर. हात लावू नगा म्हणालावता, म्हणून आठ दिस पोराला न्हाऊबी घातलं न्हाय. आता सांगा, कुणी पुसलं?"

दंडावर मळाचा थर होता. तेव्हा मला आठवलं. टोचायला आलो त्या दिवशी वाटेत सायकल पंक्चर झाली होती. लसीच्या नळ्यांभोवतीचं ओलं फडकं उन्हात कडकडीत वाळलं, आणि मी तिकडं बघितलंही नाही. उष्णतेनं लस मरते. मी मेलेली लस टोचली होती.

सायकल हाणत इंदापूरचं ऑफिस गाठलं.

साहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहा, पालकांनी पुसली. नोकरी वाचेल."

"मग माझ्याकडून पुन्हा कोण टोचून घेईल, साहेब? नवी लस द्या. बर्फात."

त्यांनी लस दिली, मेमोही दिला.

लागण झाल्यावर दोन-तीन दिवसांत टोचलं तर पोर वाचू शकतं. दुपारीच परतलो. "सोनाबाई, चूक माझी. लस उन्हानं मेली होती."

"आन् सकाळी आमच्यावर वराडत हुता व्हय? लाज वाटाय पायजे!" मला खरंच वाटली. मग त्यांनी नामाचा दंड पुढं केला. "टोचा. पर आधी त्यो बर्फ दावा."

आठ दिवस घास गोड लागला नाही. नामाच्या दंडावर टपोरा फोड आला आणि मी भर पारावर रडलो. पोर वाचलं. पाहुणी उतरली होती त्या घरातल्या सखूला मात्र नवी लस उशिरा ठरली, देवी आल्याच. पोरगी जगली, पण तोंडावरचे वण गेले नाहीत. तिच्या आईनंही दंड पुसला नव्हता.

पोराला टोचायला न्याल तेव्हा लस थंडीत ठेवली होती का, हे विचारा. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.