एन्कुबिएर्तो आणि रिकामा डबा

थांबा, हे आत्ताच सांगते, उद्या माझा धीर होणार नाही!

मी लीड्सला जॉब करते, एकटी राहते. दर मंगळवारी कामानंतर स्पॅनिशच्या क्लासला जाते. खरं कारण सांगू? आठवड्यात तिथेच कोणीतरी मला "कशी आहेस?" विचारतं. तेही धड्यात आहे म्हणून!

गेल्या मंगळवारी शब्द आला, 'एन्कुबिएर्तो'. ओळख लपवून शिरलेला एजंट म्हणजे 'आखेन्ते एन्कुबिएर्तो'. त्याची छुपी मोहीम, 'ओपेरासिओन एन्कुबिएर्ता'. टीचर म्हणाल्या, हे लोक बारक्या सवयींमुळे पकडले जातात. सगळे हसले. मी नाही हसले, कारण माझंही ऑपरेशन वर्षभर चालू होतं. आईविरुद्ध.

पुण्यात आईला मी एक मैत्रीण सांगून ठेवली होती. मूळची लेस्टरची, मराठी, माझ्याच ऑफिसातली. अशी कोणी नाहीच! पण ती असली की आई फोन ठेवताना रडत नाही. दिवाळीला आईने दोन डबे फराळ पाठवला, एक माझा, एक तिचा. तिच्या चकल्याही मीच खाल्ल्या, सिंकपाशी उभ्याउभ्या.

काल रविवारचा व्हिडिओ कॉल. मागे ओट्यावर तिच्या फराळाचा स्टीलचा डबा.

"अगं, तिचा डबा आला वाटतं परत! काय घालून दिलं?"

"काही नाही, रिकामाच. धुऊन दिला."

आई म्हणाली, "मराठी घरातली ना ती? चिमूटभर साखर तरी घालतात गं."

"अगं, इथे कोणी असं..."

"बाळा, ती आहे का खरंच?"

मी नुसती मान हलवली. नाही.

वाटलं, आता रडेल, परत ये म्हणेल. तिने चष्मा पुसला. "म्हणजे दोन्ही डबे तूच संपवलेस?"

"हो."

"बरं झालं. मला नाहीच आवडायची ती. वर्षभरात एकदाही बोलली नाही माझ्याशी!" मग हळूच, "आता तो डबा भर. आणि खऱ्या माणसाला दे."

आज रव्याचे लाडू केलेत. जरा कडक झालेत. डबा दाराशी ठेवलाय. क्लासमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, त्यांना द्यावा म्हणतेय. रिकामा परत केला तरी चालेल. द्यायला येतील ना, तेव्हा बोलतील तरी.

तुमचं झालंय का असं? तुम्हीही घरी कोणी खोटी मैत्रीण सांगून ठेवलीये का? सांगा ना!