चौकशी एकट्या सोनाबाईचीच का?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

इकडे हिंदी मुलखात, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं नऊ कामगारांचं छोटं वर्कशॉप आहे. शेजारच्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली आणि हवालदार थेट माझ्याकडे आला. "आपके यहाँ वो पारधन है ना? थाने भेजो."

ती म्हणजे सोनाबाई. चार वर्षं माझ्याकडे ड्रिल मशीन चालवतेय. काम चोख, जात पारधी.

मी ऐटीत कायदा काढला. "दीवानजी, औरत को थाने नहीं बुला सकते. घर जाकर पूछिए."

सोनाबाईचा चेहरा उतरला. मशीनच्या घरघरीतही तिची कुजबूज मला ऐकू आली. "सेठजी, घर मत भेजो. बस्ती में गाड़ी आई तो सबको उठा ले जाएँगे."

माझं शहाणपण तिच्याच मुळावर येत होतं! मी खुर्ची पुढे ओढली. "तो यहीं पूछिए. पहले मुझसे, फिर इन नौ लोगों से. और सिर्फ इसी का नाम क्यों लिया, ये लिखकर दीजिए."

"अरे, आप तो बुरा मान गए!"

"लिखो ना साहब," आता सोनाबाईच म्हणाली. "लिखने में क्या डर?"

हवालदार "देखते हैं" म्हणत निघून गेला.

इंग्रजांनी पारध्यांवर मारलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत पुसला. हवालदार उद्या परत आला, तरी उत्तर हेच मिळेल. पण नंतर कळलं, तिचं नाव त्याला सुचवलं होतं माझ्या त्या कारखानदार शेजाऱ्याने, आपल्यासारख्याच माणसाने. तुमच्या गल्लीत चोरी झाली, तर तुमच्या तोंडी पहिलं नाव कुणाचं येतं?