अण्णा म्हणाला ते आणि मी सांगितलं ते

अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जन्मापासून मतिमंद. बोलतो, हसतो, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. आईनं जाताना त्याचा हात माझ्या हातात द्यायचा, तर माझाच हात त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बारकीला संभाळ रे बाबा." आमच्या आईचं सगळं असंच उफराटं! बिदरच्या डीसी ऑफिसातल्या, म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या, कागदावर त्याची कायदेशीर पालक मी. पण अण्णाच्या लेखी पालक तो, आणि मी त्याच्या ताब्यातली.

मला शाळेतून यायला जरा उशीर झाला की हा दुबलगुंडीच्या फाट्यावर हजर. "कुठं उंडारायलीस?" चारचौघांत विचारायचा. पन्नाशी उलटलेल्या मास्तरीणबाईला! मी चिडायचे. एकदोनदा पाठीत धपाटाही घातलाय, खोटं कशाला बोलू.

मग माझ्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा कलबुर्गीला डायलिसिस. सकाळी गेलेली मी दिवस मावळताना यायची, तीही अंगात त्राण नसलेली. एकदा दार उघडलं तर घरभर गॅसचा वास. शेगडी चालू, जाळ नाही, आणि अण्णा बाजूला पातेलं धरून उभा. "तुला चहा करायलोय," म्हणाला. मी आधी शेगडी बंद केली, मग खिडक्या उघडल्या.

खजुरीला आमचा चुलत भाऊ आहे. माणूस सरळ, त्याची बायको त्याहून सरळ. "अक्का, अण्णाला आमच्याकडं ऱ्हाऊ द्या," असं ती आपण होऊन म्हणाली. मी पालकपण सोडायचं आणि ते चुलत भावाच्या नावावर करायचं, असा अर्ज दिला. त्यात 'स्वखुशीने' असा शब्द लिहावा लागला. कसली डोंबलाची खुशी!

सुनावणीला बसलेले साहेब म्हैसूरकडचे. मराठी ओ की ठो कळत नव्हतं. अण्णाची संमती त्यांना त्याच्याच तोंडून हवी होती, आणि ते बरोबरच होतं. फक्त त्यांनी एक चूक केली. मला म्हणाले, "तुम्हीच विचारा त्यांना मराठीत, आणि काय म्हणतात ते मला कन्नडमध्ये सांगा."

मी अण्णाकडं वळले. म्हटलं, "अण्णा, आता मी तुला संभाळणार न्हाई. तू खजुरीला ऱ्हायचं. चालंल का?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आन तुला कोण संभाळंल?"

मी टेबलावरच्या अर्जाकडं बघायला लागले.

"मला कामून काढायलेत? मी काय चुकलो का?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतात?

मी म्हटलं, "हौदु अंताने, सर." हो म्हणतोय.

कोपऱ्यातला कारकून औरादकडचा होता, त्याला मराठी येत होतं. त्याचं पेन थांबलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चुलत भावाकडं. चुलत भावानं मान खाली घातली. मग कारकुनानं संमती आहे असं लिहून टाकलं. कुणीच काही बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं, असं मला आजही वाटतं, आणि कुणी बोललं असतं तर अण्णाला घेऊन मी कुठं गेले असते, हेही कळत नाही.

अण्णाचा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला. त्यानं हात ओढला नाही. शाई पुसून झाल्यावर तो उठला आणि साहेबांपुढं हात जोडले.

"साहेब, ही बारकी हाय. हिला एकटी सोडू नगा. लई रडती ही."

साहेबांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. माझं कन्नड लहानपणापासूनचं, पण एवढी तीन वाक्यं काही केल्या जिभेवर येईनात.

"पाणी मागायलाय," एवढंच कन्नडमध्ये सांगितलं.

शिपायानं पाण्याचा पेला आणून अण्णाच्या हातात दिला. अण्णानं तो माझ्यापुढं धरला.

"तू पी," म्हणाला.