एफी रिंटूलचं नाक

आमच्या कॅननगेट या जुन्या वस्तीत एफी रिंटूलच्या नाकाला मान होता. डॉडी मासेवाला सकाळी सातला धुरी दिलेल्या हॅडॉक माशांची पेटी घेऊन यायचा, आणि त्याने ती खाली ठेवायच्या आतच एफी तिच्यात नाक घालायची. कधी मान हलवायची, कधी नुसतं म्हणायची, "ने परत." डॉडी भांडत नसे. एकदा त्याने परत नेलेली पेटी स्वतःच्या घरी खाल्ली आणि तीन दिवसांनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने येऊन म्हणाला, "बाई, तुझं बरोबर होतं."

गल्लीच्या तोंडाशी तिची आठ टेबलांची खानावळ होती. दुपारी बारा ते अडीच. सोमवारी मसुराचं सूप, मंगळवारी बटाटा-कांद्यात शिजवलेलं मांस, म्हणजे स्टोव्हीज, गुरुवारी हॅगिस, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस आणि ओट घालून उकडलेलं सारण. शुक्रवारी हॅडॉक, बटाटा आणि दूध घालून केलेलं दाट सूप, कलन स्किंक. ते खायला लोक खाली बंदराजवळच्या लीथहूनही चढ चढून यायचे. पर्यटक भलत्या वारी हॅगिस मागायचे, तेव्हा एफी म्हणायची, "आज मंगळवार आहे," आणि त्यांच्यापुढे स्टोव्हीज ठेवायची. ते खायचे.

मी नेटा गिलफिलन. बटाटे सोलणं आणि भांडी माझ्याकडे, अकरा वर्षं. एफी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, अठ्ठावन्नची. तिची आई न्यूहेवनच्या बंदरावर मासे साफ करायची, आणि वास ओळखायला तिनेच शिकवलं होतं. एफी म्हणायची, "मासा दिसायला खोटं बोलतो. वासाला नाही."

त्या जानेवारीत एफीला आठवडाभर ताप आला. परत आली तेव्हा थोडी वाळली होती, बाकी ठीक. दुसऱ्या दिवशी मी सिंकपाशी होते आणि मला करपल्याचा वास आला.

"एफी, दूध लागलंय."

"कुठलं दूध?"

पातेलं तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. तळातून धूर निघत होता. ती पातेल्याकडे बघत होती, धुराकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने गॅस बंद केला. कांदा चिरून नाकाशी धरला. मग व्हिनेगरची बाटली. मग लादी पुसायचं अमोनियाचं औषध. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"झोंबतंय," ती म्हणाली. "पण वास नाही गं. काहीच नाही."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित वर्षात. कदाचित येणार नाही. एफीने मला हात धरून मागच्या दारापाशी नेलं.

"कुणाला सांगायचं नाही."

"आणि मासा?"

"वास तू घ्यायचास."

"मी तीस वर्षं सिगरेट ओढलीय, एफी."

"मग सोड," ती म्हणाली.

मी सोडली. तरी माझं नाक ते माझं नाक. सकाळी डॉडी यायचा, एफी सवयीने वाकायची, त्याच्यासाठी नाटक म्हणून, आणि तो गेल्यावर मी वास घ्यायचे. "ठीक आहे," म्हणायचे. ती विचारायची, "नक्की?" मी म्हणायचे, "नक्की." पाच मिनिटांनी पुन्हा, "नेटा, नक्की ना?" रोज तीनदा. घरी गेल्यावर मी ताट तसंच झाकून ठेवायचे. तेवीस-पंचवीस माणसांची पोटं माझ्या नाकाच्या भरवशावर होती, आणि त्यांतली निम्मी सत्तरीच्या पुढची.

एफी घाबरत घाबरत चांगलं अन्नही फेकायला लागली. कालचं लोणी, सकाळचं दूध. मीठ हाताने टाकणारी बाई, ती चमच्याने मोजायला लागली. आर्ची टलक म्हणून छापखान्यातला एक म्हातारा होता, एक्याऐंशीचा, खिडकीपाशी बसायचा. तो एकदा म्हणाला, "पोरी, पूर्वी तू सुपात दरवेळी काहीतरी विसरायचीस. आता काहीच विसरत नाहीस. बिघडलंय का काही?" एफी हसली आणि आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी मला दाढ काढायला जावं लागलं. साडेअकराला पोचले तेव्हा गाल सुजलेला, तोंडात कापूस. सूप तयार होतं.

"पेटी कशी होती?" मी कशीबशी विचारलं.

"डॉडी आजारी आहे. दुसराच माणूस आला होता. मी बोटाने दाबून पाहिलं. घट्ट होता मासा. चकाकी होती." तिने पळी पुढे केली. "तू बघ."

मी पातेल्यावर वाकले. कापसाला लावलेल्या औषधाचा उग्र वास माझ्या डोक्यात भरला होता. त्यापलीकडे मला काही कळत नव्हतं. बाहेर लोक येऊन बसले होते. म्हातारी बेथिया कॉकबर्न टेबलावर चमचा वाजवत होती. एफी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ठीक आहे," मी म्हणाले.

तेवीस लोक जेवले. पावाने वाडगे पुसून गेले.

शनिवारी सकाळी दहाला फोन आला. आर्चीची मुलगी शोना. वडील पहाटेपासून ओकताहेत, पोटात दुखून तळमळताहेत, इस्पितळात नेलंय. "डॉक्टर विचारतायत, काल काय खाल्लं. तुझ्याकडेच जेवले ना?" तिच्या आवाजात दोष नव्हता. तोच असता तर बरं वाटलं असतं.

एफी स्वयंपाकघराच्या लादीवर खाली बसली. मी तिच्यासमोर उभी होते. मग ती उठली, पदार्थ लिहायच्या फळ्याखालचा कागद घेतला आणि आदल्या दिवशी कोण कुठे बसलं होतं ते आठवून नावं लिहायला लागली.

"फोन करू सगळ्यांना," मी म्हणाले.

"नको. फोनवर म्हातारी माणसं 'बरी आहे' म्हणतात आणि फोन ठेवून मरतात. चल."

समुद्रावरून दाट धुकं वर आलं होतं. समोरचं चर्च दिसत नव्हतं. आम्ही दारोदार निघालो. इथल्या दगडी इमारतींचे गोल जिने तुम्हाला दमवतात. त्या दिवशी मला दम लागल्याचं कळलंच नाही. दर दाराशी एफी घंटी दाबायची आणि श्वास धरून उभी राहायची. आत पावलं वाजली की सोडायची.

बेथियाला ऐकू कमी येतं. "आजारी? कोण, तू?" ती ओरडली. "दिसतेसच तशी. ये, चहा पी."

"तू बरी आहेस ना, बेथिया? पोट?"

"माझं पोट युद्धात घडलंय, पोरी. त्याला काही होत नाही."

एफीने तिला तिथेच, उंबऱ्यावर, सगळं सांगितलं. नाक गेल्याचं, दोन महिने लपवल्याचं, आर्चीचं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे जिन्यातल्या तीन बिऱ्हाडांनी ऐकलं. बेथियाने चहाचं पुन्हा काढलं नाही.

पुढच्या दारीही एफीने तसंच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. रोज जेवायला येणाऱ्या लम्सडेन भावांपैकी थोरला सगळं ऐकून म्हणाला, "आम्ही बरे आहोत," आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

दोन जिन्यांच्या मध्ये मला राहवलं नाही. "एफी, काल मला वास आलाच नव्हता. तोंडात कापूस होता. औषधाशिवाय काहीच कळत नव्हतं. मी खोटं बोलले."

ती कठड्याला धरून उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझा गाल बघून कळत नाही का? तू हो म्हणावंस असं मला हवं होतं, म्हणून विचारलं." आणि वर चढायला लागली.

चारपर्यंत एकोणीस जण झाले. सगळे बरे. एका जोडप्याचा पत्ताच नव्हता. ते जर्मन होते, निळ्या जाकिटांतले, पाव दोनदा मागून घेतलेले. ते कुठे उतरले होते, कुठे गेले, कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या नावापुढे एफीने नुसती रेघ ओढली.

राहिली विल्मा स्टरॉक. एकोणऐंशीची, एकटी, चौथ्या मजल्यावर. एफीने घंटी दाबली. आत रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. पावलं नाहीत. पुन्हा दाबली. दार वाजवलं. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीशी तोंड नेऊन हाक मारली, "विल्मा. विल्मा, मी एफी."

रेडिओ बोलत राहिला.

एफी गुडघ्यांवर बसली आणि फटीतून आत बघायला लागली. "पाय दिसतोय," ती म्हणाली. "नेटा, मला पाय दिसतोय." मी वाकून पाहिलं. दगडी पायरीसारख्या करड्या रंगाची चप्पल होती, नुसती चप्पल, पण तिच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं. मी शेजारचं दार बडवलं. कुणी नव्हतं. मी फोन काढला.

तेवढ्यात खालून कुणीतरी हळूहळू चढत येत असल्याचा आवाज आला. एकेक पायरी, थांबून थांबून. आणि व्हिनेगर आणि तपकिरी सॉसचा वास. विल्मा वळणावरून वर आली, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बटाट्याचे चिप्स.

"काय गं," ती धापा टाकत म्हणाली. "मेलेय वाटलं का?"

एफी तिथेच पायरीवर बसून रडली. विल्माने चिप्स उघडून आमच्या मध्ये ठेवले आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी बोटं पुसली.

"मला काल तुझ्या सुपाचा वास आला होता. चांगला होता. मासा खराब असता तर मी वाडगा तुझ्या अंगावर टाकला असता." मग म्हणाली, "पण आम्हाला न सांगता खायला घातलंस. ते बरं नव्हतं, एफी. आम्ही तुझ्या भरवशावर खात होतो."



आर्चीला पित्ताशयात खडे निघाले. शोनाने संध्याकाळी कळवलं. सुपाचा संबंध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, आता एफी मोकळा श्वास घेईल. तिने सोमवारी स्वतः नगरपालिकेच्या अन्न तपासणीसाला फोन केला आणि फ्रिजमधलं उरलेलं सूप त्याच्या हवाली केलं. तोवर खानावळ बंद ठेवली. बुधवारी निकाल आला. सूप चांगलं होतं. तिने तो कागद वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "चांगलं निघालं, नेटा. पण ते आपल्यामुळे नाही."

तिने दारावर पाटी लावली. माझ्या नाकाला वास येत नाही. मासा डॉडी आणि नेटा दोघे तपासतात. खाण्याआधी हे लक्षात घ्या. एवढंच. खानावळ पुन्हा उघडली त्या दिवशी सहा जण आले. लम्सडेन भाऊ आले नाहीत, अजूनही येत नाहीत. बेथिया तिसऱ्या आठवड्यात आली, चमचा न वाजवता बसली. आर्ची महिन्याने आला, पित्ताशय काढून, आणि कलन स्किंकचा पहिला घोट घेऊन म्हणाला, "आता पुन्हा मीठ कमी झालंय." एफी त्याच्याकडे बघतच राहिली.

नाक थोडंसं परत आलं आहे, पण वाकडं. कॉफी तिला जळक्या रबरासारखी वाटते, साबण कुजल्यासारखा. हॅडॉकचा वास येतो की नाही हे तिला ठरवता येत नाही, आणि ते तिला आधीपेक्षा जास्त भिववतं. ते जर्मन जोडपं तिच्या डोक्यातून जात नाही. रस्त्यात निळं जाकीट दिसलं की ती थांबते.

दर शुक्रवारी अकराला सूप तयार होतं. एफी लोकांआधी स्वतःसाठी एक वाडगा भरते, खिडकीपाशी बसते आणि सगळा संपवते. मग हात मांडीवर ठेवून तासभर तशीच बसून राहते. मी बटाट्यांच्या साली गोळा करते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत असते. याने काही सिद्ध होत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. बाराला ती उठते, एप्रन बांधते आणि दार उघडते.