नेव्हेसेरा, मूळगाव ठाऊक नाही

आमच्या मावससासऱ्यांनी मनावर घेतलं, तर या पृथ्वीतलावर कुणालाही परकं राहता येणार नाही. उद्या चंद्रावर माणूस सापडला तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचारावा यावर शास्त्रज्ञ महिनाभर बैठका घेतील. मामांकडे तो प्रश्न आजच तयार आहे. "पावणं, आडनाव काय म्हणायचं?" मागोमाग मूळगाव, आजीचं माहेर आणि बहिणी कुठं कुठं दिल्या. एवढं कळलं की मामा डोळे मिटतात, ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि डोळे उघडून सांगतात, "मग तुमी आमच्या थोरल्या वहिनीच्या आत्तेभावाचं साडू की वं!" समोरचा माणूस फक्त पत्ता विचारायला थांबलेला असतो. तो साडू होऊन, चहा पिऊन, पत्ता न विचारताच निघून जातो.

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होते, कधी गारगोटीच्या गाडीवर तर कधी मुरगूडच्या. त्यांच्या गाडीत तिकिटाआधी आडनाव द्यावं लागे. एकदा खिडकीजवळच्या जागेवरून दोघे हातघाईवर आले होते. मामांनी दोघांची आडनावं विचारली आणि एकाची चुलती दुसऱ्याच्या घरात दिलेली आहे हे तिथल्या तिथे सिद्ध केलं. त्याबरोबर दोघेही उठून उभे राहिले. "तुमी बसा." "छे छे, तुमी बसा की." मुरगूड येईपर्यंत दोघे उभेच होते आणि खिडकीची जागा रिकामी होती. दुसऱ्या एकानं मात्र मामांना चांगलंच झापलं होतं. "कंडक्टर, जात काढताय व्हय माजी?" मामा म्हणाले, "जात घिऊन काय करू? तिकीट सगळ्यास्नी सारखंच हाय. गाडी बंद पडली तर तुमाला कुणाच्या दारात न्हिऊन च्या पाजायचा, ते काढतोय." आणि योगायोगानं त्या दिवशी गाडी खरंच बंद पडली.

हे सगळं ज्ञान मामांनी जाड पुठ्ठ्याच्या सात वह्यांत लिहून ठेवलं आहे. एका आडनावाला एक पान. ते कुठून आलं, का पडलं, कुठं कुठं गेलं. बारापोळे नावाच्या एका घराच्या मूळपुरुषानं म्हणे आयुष्यात एकदाच, एका लग्नाच्या पंगतीत, बारा पोळ्या हाणल्या होत्या. पाच पिढ्या झाल्या, आता घरातले सगळे साखरेच्या आजारानं अर्ध्या भाकरीवर आलेत, पण आडनाव काही कमी होत नाही. या वह्या म्हणजे नुसती हौस नव्हे. आजूबाजूच्या गावांतली माणसं सोयरीक जुळवायच्या आधी मामांकडे येतात. मुलगा-मुलगी नात्यानं भाऊ-बहीण तर लागत नाहीत ना, हे वहीत बघतात आणि मगच सुपारी फोडतात. 'वहीत हाय' म्हटलं की पुढे बोलणं नाही. सात वह्यांत एक खाडाखोड तुम्हांला दिसणार नाही. मामांचा नियम साधा आहे. "ठाऊक नसंल तर ठाऊक न्हाय म्हणायचं. जागा सोडून फुडं जायचं. जागा कवाबी भरता येती. खोटं ल्हिवलं की खोडावं लागतंय."

हा नियम मी पहिल्या भेटीतच मोडला होता. मुलगी बघायला गेलो होतो. मुलीनं चहा आणायच्या आत मामांनी विचारलं, "पावणं, आजीचं म्हायेर?" मला ठाऊक नव्हतं. पण मुलीकडची दहा माणसं तोंडाकडे बघत असताना 'ठाऊक नाही' म्हणणं मला नापास होण्यासारखं वाटलं आणि मी ठोकून दिलं, "गारगोटी." मामा दुसऱ्या दिवशी गारगोटीला गेले. पाच घरं हिंडले, पाच कप चहा प्याले, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन माझ्या आजीला सांगून गेले की तिचं माहेर मुरगूडजवळ आहे. आजी म्हणाली, "व्हय की, मला ठाऊक हाय!" लग्न झालं. पण तेव्हापासून मी काहीही सांगितलं की मामा वही उघडण्यापूर्वी क्षणभर माझ्याकडे बघतात.

आणखी एक सांगायचं राहिलं. कोल्हापुरात अनोळखी माणसालाही 'पावणं' म्हणतात, ती आपली बोलायची पद्धत. मामा मात्र ते अक्षरशः म्हणतात. त्यांच्या हिशेबी प्रत्येक माणूस पाहुणा, म्हणजे नातलगच आहे, फक्त चौकशी कमी पडली आहे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच माणसाला नात्यातून काढून टाकलेलं मला माहीत होतं. त्यानं मामांना तोंडावर खोटं सांगितलं होतं. मामा त्याच्याशी भांडले नाहीत. त्याला फक्त 'साहेब' म्हणू लागले.

आता इटलीकडे वळतो. उचगावला मी ज्या फाउंड्रीत नोकरी करतो तिथं एक इटालियन मशीन आलं आणि ते बसवायला त्याच्यामागून एक इटालियन माणूस आला. पन्नाशीचा, धिप्पाड, मितभाषी. आडनाव नेव्हेसेरा. माझं इंग्रजी बरं आहे असा मालकांचा गैरसमज असल्यामुळे त्याला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. त्याचंही इंग्रजी माझ्याइतकंच बरं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. एकदा सहज बोलता बोलता तो म्हणाला, की हे आडनाव आख्ख्या इटलीत फक्त त्याच्या घराचं आहे. म्हणजे म्हातारे वडील आणि तो. त्याचं लग्न झालेलं नाही, तेव्हा पुढे कुणी नाही.

हे मी घरी सांगितलं, बायकोनं मावशीला फोनवर सांगितलं, आणि अर्ध्या तासात मामांचा फोन. "पावणं, दोनच माणसाचं आडनाव? आसं आसतंय व्हय? भाऊबंद कुठं गेलं? आणा त्यांस्नी जेवायला."

मी नेव्हेसेराला घेऊन गेलो. मावशींनी भाकरी, खर्डा आणि वाडगाभर दही पुढं ठेवलं. शेजारपाजारचे चौदा-पंधरा जण 'सहज' आले होते. पाहुण्यानं खर्डा भाजी समजून चमचाभर खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तोच मामांनी आठवी वही उघडली. खास नवी आणली होती. मावशी म्हणाल्या, "आवो, जेवू द्या की त्यांस्नी! डोळं तर पुसू द्या!" पण मामांच्या तोंडून प्रश्न सुटलाही होता. "इचारा, आडनाव कुठनं आलं?"

नेव्हेसेरानं डोळे पुसले आणि शांतपणे सांगितलं. त्याच्या पणजोबांचे आजोबा अनाथालयात सापडले होते. तिथं भिंतीत फिरता लाकडी पाळणा असे. आईनं बाहेरून बाळ ठेवायचं, पाळणा आत फिरवायचा, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आत एक कारकून असे. कुठल्याही घराकडे बोट जाऊ नये म्हणून तो प्रत्येक बाळाला कुणाचंच नसलेलं आडनाव जुळवून देई. त्या दिवशी त्यानं खिडकीबाहेर बघितलं. बर्फ पडत होतं, संध्याकाळ होती. त्यानं लिहिलं, नेव्हेसेरा. बर्फाची संध्याकाळ. म्हणून हे आडनाव दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

हे सगळं मराठीत सांगायचं काम माझं होतं. चौदा-पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पाहुणा माझा, सासुरवाडही माझी. भरल्या ताटावर या माणसाला अनाथाचा वंशज कसं म्हणायचं? मला त्याचीच लाज राखावीशी वाटली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला माझा पाहुणा जरा वजनदार हवा होता. मी म्हणालो, "सरदार घराणं आहे, मामा."

मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "किल्ला कुठला?" "डोंगरावरचा." "घोडदळ का पायदळ?" एकदा घसरलेला माणूस मध्येच कशाला थांबतोय? मी घोडदळ दिलं, शिवाय बर्फात लढलेली एक लढाई दिली आणि त्या लढाईवरून आडनाव पडल्याचं सांगितलं. मामांनी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. नेव्हेसेरा दही खात माझ्याकडे कौतुकानं बघत होता. त्याला वाटलं, याची भाषा किती समृद्ध आहे, माझी चार वाक्यं केवढी लांब होतात!

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण त्या चौदा-पंधरा जणांत तालीम मंडळाचे अध्यक्ष होते. रविवारी सकाळी तालमीच्या दारात बारा फुटी फ्लेक्स झळकला. 'इटलीच्या सरदार घराण्याचे थेट वंशज श्री. नेव्हेसेरा यांचे जाहीर स्वागत व सत्कार.' वर दोन तलवारी आणि सिंह. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही गोल फोटो, गॉगल लावलेला. सत्काराआधी मामांना गाठून खरं सांगायचं असं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला.

नेव्हेसेरा आला. फ्लेक्ससमोर उभा राहिला, तलवारींकडे बघितलं, सिंहाकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढून अक्षरांवर धरला. मोबाइल हल्ली मराठी वाचतो हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. तो तडक आत गेला, व्यासपीठावर चढला, मोबाइलमध्ये काहीतरी बोलला आणि मोबाइल ध्वनिक्षेपकाला लावला. मोबाइलमधल्या बाईनं, स्टेशनावर गाडीची सूचना द्यावी तशा स्वरात, सगळ्या तालमीला सांगितलं, "माझे पूर्वज सरदार नव्हते. ते अनाथालयाच्या पाळण्यात सापडलेले मूल होते. तिथला कारकून प्रत्येक मुलाला आडनाव देत असे. कृपया खोटे लिहू नका. माझ्या वडिलांना वाईट वाटेल."

मामा फेटा हातात घेऊन उभे होते. ते माझ्याकडे वळले.

"पावणं, हे खरं?"

"खरं."

"मग सरदार?"

"मी सांगितलं, मामा. माझ्या मनचं."

मामांनी फेटा खुर्चीवर ठेवला. "बरं, साहेब," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून आठवी वही काढली, अध्यक्षांच्या खिशातलं पेन घेतलं आणि त्या पानावर वरून खालपर्यंत एक रेघ ओढली. मी भाषांतराला पुढं झालो तर म्हणाले, "तुमी न्हाय. त्या बाई सांगत्यात त्येच बरं हाय." आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकी मराठीत, एकेक शब्द सोडवून, मोबाइलला म्हणाले, "त्या कारकुनाचं आडनाव काय होतं?"

बाईनं विचारलं. नेव्हेसेरा थबकला. बाळाची आई कोण, बाप कोण, हे त्याला आजवर पुष्कळांनी विचारलं असणार. कारकुनाची चौकशी कुणी केली नव्हती. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यास्नी नावं दिली आणि त्येचंच ऱ्हायलं बगा," मामा लोकांना म्हणाले. मग गळा साफ केला. "मंडळी, हे पावणं मुळात कुणाचं, ठाऊक न्हाय. ठाऊक न्हाय म्हंजे कुणाचंबी आसतील. कुणाचंबी म्हंजे आपलंबी आसतील की! न्हाय म्हणणाऱ्यानं फुडं यावं, पुरावा दावावा."

कुणी पुढं आलं नाही. मोबाइलमधल्या बाईला ही कोल्हापुरी झेपली नाही, ती गप्प राहिली. शेवटी मीच चाचरत इंग्रजीत सांगितलं, या वेळी शब्दाला शब्द. तो धिप्पाड माणूस फेट्यासाठी मामांसमोर खाली वाकला. वाकलेला बराच वेळ तसाच राहिला. फेटा बांधायला इतका वेळ लागत नाही. तोवर अध्यक्षांनी तालमीतल्या दोन पोरांना फ्लेक्सवरच्या तलवारी झाकायला पाठवलं होतं. जाताना नेव्हेसेरा वहीतल्या नव्या पानाचा फोटो काढून घेऊन गेला, वडिलांसाठी. त्यावर लिहिलं होतं, 'नेव्हेसेरा. मूळगाव ठाऊक नाही. पाळण्यातून आले. आपले पाहुणे.' आणि खाली, 'नाव देणारे कारकून:' याच्यापुढं कोरी ओळ.

मी मात्र साहेब झालो. दिवाळीला साहेब, बारशाला साहेब. "साहेबास्नी लाडू द्या." मावशी हसू दाबत, बायको दाबतही नसे. चारचौघांत साहेब म्हणवून घ्यायला माणसं आयुष्य घालवतात. मला तो शब्द लाडवात लागलेल्या खड्यासारखा लागे.

परवा नेव्हेसेराचा निरोप आला. तो त्या जुन्या अनाथालयात जाऊन आला. तिथं आता वाचनालय आहे. नोंदवही सापडली, बाळाचं पान सापडलं, कारकुनाची सहीसुद्धा सापडली, पण तिच्यावर शाई सांडलेली. वाचता येत नाही. वडिलांनी मामांच्या वहीतल्या पानाचा फोटो भिंतीवर लावलाय, असंही त्यानं लिहिलं होतं.

मी मामांकडे गेलो. मामा आता थकलेत. वही मांडीवर घेऊन बसले होते, चष्मा कपाळावर. निरोप ऐकल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग, आडनाव काय निघालं?"

काय सांगू, माझ्या जिभेवर एक फक्कड इटालियन आडनाव तयार होतं. मागे मूळगावही होतं. म्हातारा माणूस, एक ओळ भरली तर समाधानानं वही मिटेल, असं मनात येऊन गेलं. मामा माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखे, क्षणभर.

"ठाऊक नाही, मामा," मी म्हणालो. "सहीवर शाई सांडलीय."

मामांनी टोपण परत लावलं, सावकाश. कोऱ्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ दे. जागा सोडलीया न्हवं," ते म्हणाले आणि आत बघून हाक मारली, "अगं, च्या टाक. पावणं आल्यात."