अपीलसरांचं अपील

जूनमधला दुसरा मंगळवार, सकाळचे अकरा. सांगली, संस्थेचं मुख्य कार्यालय, वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली. हजर: माने मॅडम (अध्यक्ष), चौगुले सर (सदस्य), मी (सदस्य-सचिव). अपिलार्थी: अपीलसर.

हजेरी लिहिताना शेवटच्या नावाशी माझं पेन अडलं. आमच्या संस्थेच्या संशोधन अनुदानासाठी सातारा-सांगलीतले प्राध्यापक अर्ज करतात. बाहेरचा परीक्षक अर्जावर शेरा मारतो. नकार मान्य नसेल त्याने आमच्या समितीकडे अपील करायचं. सर निवृत्त होईपर्यंत या समितीचे अध्यक्ष होते, आणि इतकी वर्षं होते की त्यांचं खरं आडनाव कुणी घेतच नसे. त्या दिवशी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

सरांचा एक नियम होता, जो कुठल्याही नियमावलीत नव्हता. अपिलार्थ्याने आपल्यावरचा शेरा आपणच वाचायचा, उभं राहून, मोठ्याने. आवाज जरा उतरला की सर म्हणत, "मोठ्यानं. मागं ऐकू येत न्हाई." मागे फायलींचं कपाट होतं. सर मूळचे कोरेगावकडचे. लिहायचे शुद्ध, पण बोलताना, अगदी पदार्थविज्ञान शिकवतानाही, गावची बोली त्यांनी सोडली नाही. ती बोली कुणाला मायेची वाटायची, कुणाला चाबकासारखी.

मीही तिथे उभी राहिले आहे. माझ्या अर्जावर शेरा होता, "विषय शाळकरी प्रकल्पाच्या पातळीचा." वाचता वाचता कागदावर एक थेंब पडला. सर म्हणाले, "रडायचं असंल तर बाहेर नळ हाय. शेरा कोरडा ऱ्हाऊ द्या." अपील फेटाळलं. परीक्षकाला विषय कळलाच नाही, असं मी म्हणून पाहिलं, त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर आलं. "परीक्षक मूर्ख हाय, हे कारण चालत न्हाई. मूर्ख असणं नियमात बसतंय." निवड करताना नियम मोडला असेल तरच अपील मंजूर. अन्यायाची ते दखल घेत नसत, फक्त नियमाच्या चुकीची घेत.

फेटाळून झालं की सर अपिलार्थ्याला खालच्या कॅन्टीनमध्ये घेऊन जात. दोन चहा, एक बशी भडंग. मग खिशातून पेन्सिल निघे आणि माणसाचा अर्ज ओळीओळीने सोलला जाई. "हितं तुमी फुशारकी मारलीय. हितं भ्यालाय. हे वाक्य दुसऱ्याचं हाय, तुमचं न्हाई." पुढच्या वर्षी माझा अर्ज मंजूर झाला तो त्या पेन्सिलीमुळे. याद्या करायची सवयही त्यांच्याकडून आली, आणि वर तेच मला यादीबाई म्हणून चिडवायचे. शेरा मोठ्याने वाचायला लावण्याचं कारणही त्यांनी तिथेच सांगितलं. "वाईट वाक्य एकदा आपल्याच तोंडातनं गेलं की त्याची धार जाती." माझ्या बाबतीत ते खरं ठरलं.

माने मॅडमच्या बाबतीत ठरलं नाही. त्या कडेगावच्या, वनस्पतिशास्त्राच्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरच्या रोगाचा प्रकल्प त्यांनी मागितला होता. परीक्षकाने लिहिलं, "अर्जदार गर्भवती असल्याने काम पूर्ण होण्याची शाश्वती वाटत नाही." सातवा महिना असलेली बाई ते वाक्य उभ्याने वाचत होती आणि सर म्हणाले, "मोठ्यानं. मागं ऐकू येत न्हाई." तोवर मी समितीची सचिव झाले होते; निकाल त्यांनी मला तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगितला, "काम पूर्ण होईल का, हे पाहणे परीक्षकाच्या अधिकारात आहे. समितीला त्यात शिरता येणार नाही." त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सर दोन चहा मांडून बसले. मॅडम आल्या नाहीत. त्यांचा हंगाम गेला, आणि तो विषय पुढे दुसऱ्याच कुणी तरी केला.

निवृत्तीनंतर सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी अर्ज केला. विषय हरिपूरचं पेव. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. पुराचं पाणी शिरून बरीच पेवं गेली. सरांना एक धड सापडलं होतं, पण त्याच्या मालकाला ते बुजवून प्लॉट पाडायचा होता. आत हळद टिकते कशी, हे सरांना सबंध वर्षभर यंत्राने मोजायचं होतं. "हवा न्हाई म्हणून टिकती, असं समदे म्हणत्यात. मोजलंय कुणी?" अनुदान मिळालं तर संस्था मालकाशी वर्षाचा रीतसर करार करणार होती. नाही मिळालं तर माती.

शेरा आला, "अर्जदाराचे वय पाहता काम पूर्ण होण्याची शाश्वती वाटत नाही."

त्या मंगळवारी सर उभे राहिले आणि वाचू लागले. वयाशी आल्यावर आवाज उतरला.

"मोठ्यानं, सर," माने मॅडम म्हणाल्या. "मागं ऐकू येत नाही."

सरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मुद्दा मांडला, "निवृत्तांना अर्जाची मुभा नियमानंच दिलीय. मग वय हे नकाराचं कारण कसं?" मुद्दा पक्का होता. चौगुले सरांनी मान डोलावलीसुद्धा. मॅडमनी सरांचा जुना निकाल म्हणून दाखवला. त्यांना तो पाठ होता.

"हे वाक्य तुमचंच ना, सर?"

"माझंच."

"तेव्हा बरोबर होतं?"

चुकलं होतं, एवढं सरांनी म्हटलं असतं तर ते पेव वाचलं असतं. हे मला कळत होतं, चौगुले सरांना कळत होतं, आणि सरांना तर आमच्या आधी कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"व्हय. तवा बी बरोबरच हुतं."

"मग आजही आहे," मॅडम म्हणाल्या. "अपील फेटाळलं. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. सर म्हणाले, "निकाल स्वच्छ दिलात, बाई," आणि जिना उतरले.

कॅन्टीनमध्ये त्यांनी तीन चहा सांगितले. एक माझा, एक त्यांचा. तिसऱ्यावर साय धरली तरी कुणी आलं नाही.

"नुसतं चुकलं म्हणायचं होतं, सर," मी म्हणाले.

"आणि मग पेव मला मिळालं असतं. तिचं गेल्यालं वर्ष तिला कुणी दिलं असतं, यादीबाई?"

"हे वर सांगायचं होतं त्यांना."

"वर मी अपिलार्थी हुतो. माफी मागितली असती तर ती अर्जाला जोडल्याली वाटली असती." खाली मागितली असती का, ते मी विचारलं नाही. तो तिसरा कप कशासाठी होता, ते मला दिसत होतं.

जुलैत सरांनी पदरच्या पैशांनी मोजणीचं यंत्र आणलं. करार नव्हता, मालकाच्या हातापाया पडून वर्षभर थांबायचा त्यांनी नुसता तोंडी शब्द घेतला. पेव उघडलं, आत हवा आहे का ते पाहायला आधी रीतीप्रमाणे कंदील सोडला. तो विझला तसे सर खूश झाले. "बघा, अजून दम हाय ह्याच्यात!" मग हळदीची पोती आणि यंत्र दोरीने खाली गेलं, दोरीचं टोक बाहेर खुंटीला बांधलं, तोंडावर फरशी टाकून ते मातीने लिंपलं. "वर्षाच्या आत दोरीला हात लावायचा न्हाई," त्यांनी मला बजावलं. "मधी उघडलं की सगळी मोजणी वाया."

संक्रांतीच्या आधी सर गेले. झोपेतच. परीक्षकाचं वाक्य खरं ठरलं. स्मशानात माने मॅडम आल्या होत्या, सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या.

आता मे संपत आलाय. मालकाचे फोन सुरू झाले आहेत. "बाई, मास्तर गेलं, आता त्येंचा शब्द कुणासाठी पाळू? पावसाच्या आत माती टाकायची हाय. दोरी कवा काढताय?" मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो प्रकल्प नामंजूर आहे. संस्थेला त्यात शिरता येणार नाही."

वर्ष भरायला अजून जुलै यायचा आहे. मालकाला मी पुढचा आठवडा सांगते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढचा. माझ्या यादीत पहिलं काम तेच आहे, हरिपूरला जाऊन दोरी ओढणे. बाकीची सगळी खोडून झाली आहेत.