डॉन विचारतोय, जेवलास काय?

"पोलिसांत जाऊया," परशरामअण्णा म्हणाले आणि त्यांनी मोबाईल हेडबाईंच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वडगावातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. प्रिंटर अडला, वायफाय गेलं, पोर्टल उघडेना, की सगळे मलाच हाक मारतात. इंटरनेट सुरक्षेचा तासही माझ्याच गळ्यात. त्यामुळे इंटरनेटवर कुठेही काही घडलं तर ते मीच केलंय, असा हेडबाईंचा चेहरा असतो.

अण्णांचे घरी पॉवरलूम आहेत. मुलगा ओंकार सातवीत. वर्गातली पाचसहा पोरं मोबाईलवर बंदुकीचा गेम एकत्र खेळायची. त्यासाठी त्यांनी ग्रुप केला होता. गेम सुरू व्हायच्या आधी सगळे जिथे जमतात त्याला लॉबी म्हणतात. बसस्टँडच म्हणा, फक्त प्रत्येकाच्या हातात बंदूक. तिथे एकमेकांशी बोलता येतं, मेसेज टाकता येतात. आणि त्या ग्रुपमध्ये 'डॉन' नावाचं कुणीतरी शिरलं होतं.

मेसेज मी वाचले. 'शाळा कुठली?' 'घरी कोण कोण असतं?' 'संध्याकाळी एकटाच असतोस काय?' अनोळखी माणूस काय काय विचारतो, हे मी तासाला फळ्यावर लिहून देते. डॉन जवळजवळ त्याच क्रमाने विचारत होता.

"ओंकारनं दाखवलं हे तुम्हाला?"

"न्हाय. माझाच आयडी हाय. टायगर बॉय." अण्णा जरा खाकरले. "पोरावर लक्ष ठेवायला काढलाय. त्याला म्हाईत न्हाय."

पोलिसांत जायला हेडबाईंची ना नव्हती, पण शाळेचं नाव पेपरात येईल याची धास्ती होती. "वर्षा, आधी तू बघ काय ते," त्या म्हणाल्या.

अण्णांकडून सगळे मेसेज मागवून घेतले आणि घरी जाऊन नीट वाचले. जितकं वाचलं तितकी जास्त घाबरले. ग्रुपमधलं कुणीच मला पोर वाटेना. एकजण रोज सकाळी फुलाचं चित्र टाकून शुभ सकाळ म्हणत होता. शाळा भरलेली असतानाही मेसेज येत होते. आणि प्रत्येक वाक्याला पूर्णविराम! सातवीतली पोरं माझ्या पेपरात पूर्णविराम देत नाहीत, गेममध्ये कुठली देणार? म्हणजे एक डॉन नाही, सगळी टोळीच मोठ्या माणसांची. फक्त एक मेसेज कोड्यात टाकणारा होता. डॉनने मध्येच विचारलं होतं, 'जेवलास काय?'

शनिवारी दुपारी पालकांना कॉम्प्युटर लॅबमध्ये बोलावलं. सगळ्यांसमोर ग्रुप उघडायचा, पुरावा जपून ठेवायचा आणि मग पोलिसांत जायचं, असं ठरलं. पालक गंभीर चेहऱ्याने बाकांवर बसले. सानिकाची आई रेखाक्का पहिल्यापासूनच रडवेली होती. ती घरी शिवणकाम करते. "आमच्या वेळी असलं काय नव्हतं बघा," ती म्हणाली.

नव्हतंच. माझं लहानपण निपाणीचं. आई विड्या वळत बसायची आणि आम्ही बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. एकजण खेळायचा आणि दहाजण त्याला अक्कल शिकवायचे. दुकानदार कोण, तिथे कोण कोण येतं, आईने कधी विचारलं नाही. दिवे लागायच्या आत घरी या, एवढंच. आज ती आई माझ्या तासाला बसली असती तर मी तिला नापास केलं असतं.

अण्णांचा फोन मी प्रोजेक्टरला जोडला. पडद्यावर लॉबी उघडली. टायगर बॉय, शेजारी डॉन आणि सायलेंट किंग. तिघेही ऑनलाइन.

"बघा, आला!" अण्णा ताडकन उठले. "मिटिंग हाय हे बी कळलंय त्याला!"

"माइक चालू आहे. शांतपणे नाव विचारा," मी म्हटलं.

अण्णांना लूमच्या खडखडाटात बोलायची सवय. ते ओरडले, "कोण हायस रं तू?"

आणि तिसऱ्या बाकावरून रेखाक्काची पर्स ओरडली, "कोण हायस रं तू?"

रेखाक्काने पर्स पोटाशी घट्ट धरली.

"आक्का, तुम्ही डॉन?"

"सानिकासाठी घुसलोय ओ मी! मला वाटलं टायगर बॉयच गुंड हाय. सारखं ओंकार कुठं हाय, ओंकार कुठं हाय."

"बाप हाय मी त्याचा!"

"मला काय म्हाईत? म्हणून तर शाळा, घर विचारून घेतलं. पोलिसांना सांगायला."

"आणि जेवण कशाला विचारलं?"

"तेवढं सवयीनं गेलं."

शेवटच्या बाकावर बँकेतले कांबळेसाहेब कानातला इयरफोन काढून उभे राहिले. "सायलेंट किंग मी आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मुलासाठीच. शुभ सकाळही माझंच."

"म्हणजे मला रोज मागनं गोळी घालणारा तुम्हीच काय?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यावर संशय होता," साहेब म्हणाले.

हेडबाई हसल्या. सगळेच हसले. मग रेखाक्काच्या लक्षात आलं. "पण मग पोरं कुठं हाईत?"

मी ग्रुप वर-खाली तपासला. पोरांनी तो कधीच सोडला होता. अण्णांनी लोकेशन अॅप उघडलं. त्यात ओंकार घरात दिसत होता. त्यांनी घरी फोन लावला. त्यांच्या आईने उचलला. "मोबाईल हितं चार्जिंगला हाय. पोरं सायकली घेऊन गेल्यात सांबऱ्याला. विमान बघाय. सुट्टीदिवशी जात्यात की, तुला ठावं न्हाय व्हय?"

आता हसणं संपलं. सांबऱ्याच्या रस्त्यावर ट्रक असतात. अण्णा आपली गाडी काढून पुढे सुटले, मी रेखाक्काच्या स्कूटीवर मागे बसले. तिने वाटभर ब्रेक फारसा लावलाच नाही.

विमानतळाच्या भिंतीबाहेर बांधावर सायकली आडव्या पडलेल्या. पोरं ओळीने बसून शेंगा खात होती. सानिका विमान कुठल्या बाजूने उतरणार, यावर पैजा लावत होती. रेखाक्काने आधी तिला मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा घातला.

"घरात नेट हाय, फोन हाय, आणि हितं कशाला आलतासा?" अण्णांनी विचारलं.

"टीचरनीच सांगितलंय," ओंकार म्हणाला. "अनोळखी माणूस शाळा, घर विचारायला लागला की गप बाहेर पडायचं. त्या ग्रुपात सगळेच तसले आलते."

"मग आम्हाला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असतासा की."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा तास इतका पक्का शिकलेला विद्यार्थी मला त्याआधी भेटला नव्हता. मोठ्यांना सांगायचं, हेही मी शिकवते. ते तेवढं राहिलं होतं, आणि ते का राहिलं हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

अण्णांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात विमान आलं. त्यांचे हात हलताना दिसले, ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. विमान भिंतीपलीकडे टेकलं तेव्हा ते मान वळवून तिकडेच बघत होते.

"पुढचं कवा हाय रं?" त्यांनी विचारलं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. पोरांना आतल्या रस्त्याने जायच्या अटीवर सायकलची परवानगी मिळाली. हेडबाईंनी सुरक्षेचा तास पालकांसाठीही ठेवला. त्याला अण्णा, आक्का आणि साहेब नेमाने एका बाकावर बसतात, कारण रात्रीचा गेम कितीला सुरू करायचा हे तिथेच ठरतं.

तासाला मी आता एक गोष्ट जास्तीची सांगते. नेटवर कुणी संशयास्पद वाटलं तर आधी विचारून घ्या, तुमचा मुलगा कितवीत आहे?